ओमानमधल्या निझवाचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार: मस्कतहून पहाटे निघून जमेल का?

रुवीकर:
आई-बाबा डिसेंबरात सांगलीहून येतायत. बाबांना जनावरांच्या बाजाराचं भारी वेड, म्हणून निझवा दाखवायचं आहे. गुरुवारी रात्री तिथे मुक्काम करावा की पहाटे निघालं तरी चालेल? आईला गर्दीत त्रास होईल का? फोटो काढू देतात का? आणि घेण्यासारखं काय?

हमरस्ता_१५:
पहाटे जमतं. १५ क्रमांकाच्या महामार्गाने दीड-पावणेदोन तास. पाचला निघा. सातच्या सुमारास बाजार भरात येतो आणि नऊनंतर ओसरतो. दहाला पोचलात तर लेंड्या आणि परतणारे पिकअप तेवढे दिसतील. वयस्कर माणसं असतील तर मुक्कामच बरा. किल्ल्यालगतच्या जुन्या वस्तीत मातीच्या घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत, तिथून बाजार पायी. गाडी बरेच जण वादीच्या (कोरड्या नदीच्या) पात्रात लावतात. डोंगरावर ढग दिसले तर तिथे अजिबात लावू नका. पाऊस वर पडतो आणि लोंढा खाली येतो.

दोन_दाती:
बाबांना खरी मजा सौद्याची येईल. आपल्याकडे दलाल रुमालाखाली बोटं दाबतात, इथे सगळं उघड, ओरडून. मधे छपराखाली गोल ओटा, त्याभोवती वाट, वाटेपलीकडे पुन्हा गिऱ्हाइकांचं कडं. विकणारा शेळीला दोरीने ओढत (करडू असेल तर काखेत मारून) या वाटेवर फेऱ्या घालतो आणि भाव पुकारत जातो. कुणी हात केला की थांबतो. मग ओठ वर करून दात बघायचे, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवायची, दुभती असेल तर कास चाचपायची. गिऱ्हाईक आपला आकडा बोलतं. पटला नाही की जनावर पुढे, आणि पुढच्या फेरीत तोच आकडा धरून चढ. सित्तीन म्हणजे साठ, सबईन सत्तर, थमानीन ऐंशी, मिया शंभर, सगळं रियालमध्ये. एवढं कानावर असलं तरी सौदा कळतो.

घ्यायचं नसेल तर हात करू नका, दोरी धरू नका. पर्यटक नेमके वाटेत उभे राहून मोबाइल धरतात आणि शिव्या खातात, ते टाळा. आधी शेळ्या-मेंढ्या, गाई-बैल नंतर. बैल बुजला की धरणाऱ्यालाही फरफटत नेतो. त्या वेळी आईंना कड्याच्या मागे, भिंतीकडे उभं करा. चपला नकोत, बंद बूट घाला.

खलास_खजूर:
बायकांना काही अडचण नाही, गावातल्या बायकाही खरेदी-विक्रीला येतात. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे पुरेत. साडी, पंजाबी ड्रेस दोन्ही चालतं. जनावरांचे फोटो खुशाल काढा, पुरुषांना विचारून, बुरखेवाल्या बायकांचे नकोच.

डिसेंबरात ताजा रुतब (मऊ, ओला खजूर) मिळत नाही, तो उन्हाळ्यातला. सुका खजूर चाखून घ्या: खलास मऊ आणि गोड, फर्द गडद आणि जरा चिवट, पण प्रवासात छान टिकतो. वाळवलेली काळी लिंबं मटणाच्या रश्श्यात एखाददुसरं टोचून टाका. फोडून टाकलं तर कडवटपणा उतरतो. ओमानी हलवा दुकानात गरम चाखायला देतात. विमानात तो चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत जेल म्हणून अडवू शकतात. शोभेची खंजर घेतलीत तर तीही तिथेच. मातीची भांडी निझवात मिळतात, पण ती बहलाची. गाडी असेल तर बहलालाच जा, जवळ आहे.

एक लक्षात ठेवा, दुपारच्या नमाजाला दुकानं बंद होतात. खरेदी अकराच्या आत उरका.

हमरस्ता_१५:
किल्ल्यातही जायचं असेल तर बाजार सुटल्या-सुटल्या जा. १७व्या शतकातला गोल बुरूज आहे, पण आतला जिना अरुंद आणि चढा. गुडघे दुखत असतील तर बुरूज सोडा, अंगण आणि खालच्या खोल्याच बघा.

दोन_दाती:
बाबांना उंटही बघायचे असतील तर निझवात फार आशा ठेवू नका. त्यासाठी सिनावचा गुरुवारचा बाजार. बदू लोक वाळवंटातून जनावरं घेऊन येतात, पर्यटक कमी. गुरुवारी सकाळी सिनाव, रात्री निझवा, शुक्रवारी हा बाजार, असं बसवता येईल.