मदत हवी आहे: पेंटबॉल वाऱ्याच्या उलट्या बाजूला का वळतोय?

उडता_बाण
मंडळी, डोकं पार आउट झालंय. शनिवारी परत पेंटबॉलची (गनने रंगाचे बॉल मारायचा खेळ) मॅच आहे, त्यामुळे जरा पटापट सांगा. मी इकडे डॅलसजवळ खेळतो, मैदान मोकळं आहे, झाडंबिडं नाहीत आणि या दिवसांत इथला वारा म्हणजे विचारूच नका. प्रॉब्लेम असा की जवळचं सगळं ठीक लागतं पण लांब मारला की बॉल डावीकडे जातो, आणि थोडाथोडका नाही, समोरचा बंकरच्या (आडोशाच्या) बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहतो इतका. आता लगेच वारा वारा करू नका, कारण वारा डावीकडूनच होता. म्हणजे बॉल उजवीकडे जायला पाहिजे की नाही? बरोबरच्या पोरांचे उजवीकडेच जात होते. मग माझाच उलटा का? स्पिन आणि वारा यांचं नक्की काय असतं ते कोणी नीट सांगेल का? व्हिडिओ बघून झालेत, सगळे काहीतरी विकायलाच बसलेत.

चहाबाज
'लांब' म्हणजे किती? एफपीएस (सेकंदाला किती फूट) किती? गॅस सीओटू (कार्बन डायऑक्साइड) का एचपीए (दाबाची हवा)? पेंट कुठलं, बॅरल (गनची नळी) कुठलं? यातलं एकही लिहिलं नाही आणि वर पटापट सांगा म्हणे.

सदा_मैदानात
पेंट खराब आहे. मी डोळे झाकून सांगतो. बॉलचं कवच जिलेटिनचं असतं, दमट हवेत पिशवी उघडी राहिली की ते ओलावा पितं, बॉल फुगतो, मऊ पडतो, एका बाजूला चपटा होतो आणि मग कुठेही जातो. एक साधी टेस्ट कर. बॅरल गनवरून काढ, मागच्या बाजूने बॉल टाक. आपोआप घरंगळून बाहेर पडला तर बॉल लहान, फुंकर मारूनही हलला नाही तर फुगलेला. नुसत्या फुंकरीने सुटला पाहिजे. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात आमची अख्खी पेटी अशीच वाया गेली होती, त्यानंतर मी पेंट बाहेर गाडीत ठेवतच नाही.

उडता_बाण
@सदा पेंट त्याच दिवशी मैदानावरच घेतलेलं, फुंकर टेस्टपण झालीय. @चहाबाज क्रोनोवर (वेग मोजायचं यंत्र) २८० एफपीएस आहे, तिथला नियमच तो आहे. एचपीए. लांब म्हणजे शंभर फुटांच्या पुढे. आणि खराब पेंट असतं तर बॉल इकडेतिकडे गेले असते ना, माझे सगळे डावीकडेच जातायत.

कोपऱ्यातला_अंपायर
अहो हा तर सरळसरळ स्विंग आहे. पेंटबॉललाही शिवण असते, दोन अर्धी कवचं जोडलेली असतात. शिवण जिकडे, बॉल तिकडे. आपला भुवनेश्वर काय वेगळं करायचा?

हवेतलं_गणित
अंपायरसाहेब, नो बॉल. क्रिकेटमध्ये शिवण तिरकी धरून बॉल सोडतात आणि तो शिवणीच्याच अक्षावर फिरत जातो म्हणून ती अख्ख्या प्रवासात तिरकी राहते. त्यामुळे एका बाजूची हवा खळबळते आणि पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते, तिथून स्विंग येतो. पेंटबॉल हॉपरमधून (गनवरचा बॉलचा डबा) पडेल तसा पडतो, शिवण दर वेळी वेगळ्या दिशेला. त्याने बॉल भरकटेल पण सगळे एकाच बाजूला जाणार नाहीत. इथे क्रिकेटच आणायचं असेल तर स्पिनरचा ड्रिफ्ट आणा. १९९३ ची वॉर्नची गॅटिंगवाली आठवा. बॉल आधी हवेत लेगच्या बाहेर सरकला, मग टप्पा पडून ऑफ स्टंप. हवेतलं ते सरकणं स्पिनचं, त्याला मॅग्नस परिणाम म्हणतात. बॉलची जी बाजू हवेच्या प्रवाहाबरोबर मागे फिरते, बॉल त्या बाजूला ओढला जातो.

कोपऱ्यातला_अंपायर
बरं. पण वॉर्नला वाराही मदत करायचाच.

हवेतलं_गणित
करत असेल. आता वाऱ्याचं. लोकांना वाटतं वारा बॉलला ढकलतो म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले लागलेला वेळ. तसं नाही. बॉल हवेमुळे जेवढा उशिरा पोचतो, फक्त त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. पेंटबॉल साधारण ३ ग्रॅमचा, व्यास ०.६८ इंच, सुटताना सेकंदाला ८५ मीटर. इतक्या हलक्या बॉलला हवा फार लवकर थकवते, सुटल्या सुटल्या वजनाच्या पंधरापट तरी जोर मागे ओढत असतो आणि शंभर फुटांवर पोचेपर्यंत वेग जवळपास निम्मा झालेला असतो. हवा नसती तर ०.३६ सेकंदात पोचला असता, प्रत्यक्षात अर्धा सेकंद लागतो. तो जो दीड दशांश सेकंद जास्तीचा, त्यात ताशी १५ किमीचा आडवा वारा त्याला दोन फूट सरकवतो. पन्नास फुटांवर हेच पाच-सहा इंच आणि दीडशेवर पाच फूट. म्हणून जवळ सगळं ठीक वाटतं. अंतर तिप्पट केलं की सरकणं तिप्पट नाही, दहापट होतं.

उडता_बाण
वाचलं. पण मग माझा तर वाऱ्यावर मात करून डावीकडे जातोय! म्हणजे दोन फूट उजवीकडे ढकलला जाऊनसुद्धा.

नेमबाज७७
भावा एवढं गणित कशाला. रायफलिंगवालं बॅरल घे आणि विषय संपव. आतून आटे असतात, बॉल गोल फिरत सरळ जातो. बंदुकीची गोळी अशीच जाते, शेकडो वर्षं जातेय.

चहाबाज
झालं. दर धाग्यात हे येणारच.

हवेतलं_गणित
@नेमबाज बंदुकीची गोळी लांबुडकी आणि भरीव असते, तिचं टोक पुढे राहावं म्हणून फिरवतात. गोल बॉलला टोकच नाही. शिवाय आत पातळ रंग आहे, कवच फिरलं तरी आतला रंग लगेच फिरत नाही, तो मागे ओढत राहतो आणि फिरणं मंदावतं. आणि आट्यांना पकडायला मऊ जिलेटिन, तेही नीट पकडत नाही.

नेमबाज७७
तुम्ही मारून बघितलंय का कधी? मी मारलंय. फरक पडतो.

सदा_मैदानात
फरक पडतो तो नव्या बॅरलचा, आतून स्वच्छ असतं म्हणून. जुनंच पुसून घ्या, पैसे वाचतील.

गारवा
सीओटूवर असाल तर थंडीत प्रेशर पडतं हे लक्षात ठेवा. २० अंश सेल्सिअसला बाटलीत ८३० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास असतं, शून्याला पाचशेवर येतं. मग क्रोनो सकाळी एक आणि दुपारी एक.

चहाबाज
गारवा, एचपीए आहे हो. वर लिहिलंय.

गारवा
इतरांना उपयोग होईल म्हणून लिहिलं.

रिकामटेकडा
विषयांतर होतंय पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो. आमच्या ऑफिसची पिकनिक लोणावळ्याला आहे, त्यात पेंटबॉल ठेवलाय. कपड्यावरचा रंग जातो का? एचआरने सगळ्यांना पांढरे टीशर्ट दिलेत.

सदा_मैदानात
जातो. आतला रंग पाण्यात विरघळणारा असतो, घरी आल्यावर लगेच गार पाण्यात टाका, वाळू देऊ नका. एचआरला मात्र कोणीतरी विचारा.

चहाबाज
मूळ मुद्द्यावर या रे. बाण, दुसऱ्यांदा विचारतोय, बॅरल कुठलं आहे?

उडता_बाण
बॅरलचा काय संबंध, ते चांगलं आहे. सेकंड हँड घेतलंय, थोडं वाकडं आहे पण ते मुद्दामच तसं असतं, खराब नाही. टिपमन कंपनीचं फ्लॅटलाइन. लांब जातो बॉल त्याने.

चहाबाज
🤦

हवेतलं_गणित
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! वाकड्या बॅरलचं कामच स्पिन द्यायचं आहे. नळी खाली वाकलेली, बॉल सरळ जायला बघतो म्हणून वरच्या भिंतीला टेकून गडगडत जातो, वरची बाजू अडकते आणि बाहेर पडताना बॉल उलटा फिरत असतो, बॅकस्पिन. म्हणजे वरची बाजू मागे फिरतेय, म्हणून बॉल वर उचलला जातो आणि लांबपर्यंत सपाट जातो. गोल्फच्या बॉलचंही तेच. ही आयडिया नवी नाही, १७४०च्या दशकात बेंजामिन रॉबिन्सने मस्केटची नळी मुद्दाम डावीकडे वाकवून दाखवलं होतं की गोळी आधी डावीकडे निघते आणि पुढे उजवीकडे वळते. मॅग्नसचं नाव लागलं ते १८५२ च्या कामामुळे, त्याआधी शंभर वर्षं या माणसाला ठाऊक होतं.

आता दोन प्रश्न. गन धरताना तिरकी होते का? आणि वारा अगदी काटकोनात डावीकडून होता का समोरून-डावीकडून?

उडता_बाण
वारा समोरून-डावीकडून. आणि मास्क घातल्यावर गाल टेकत नाही म्हणून सगळेच थोडी तिरकी धरतात. मी उजव्या हाताने खेळतो, हॉपर जरा डावीकडे कलतो. आणि हो, बॉल शेवटी वर तरंगल्यासारखा पण दिसतो, ते सांगायचं राहिलं.

हवेतलं_गणित
मग सापडलं. स्पिनचा जोर 'वर' नसतो, तो बॅरलच्या वरच्या बाजूला असतो. गन डावीकडे कलली की ते 'वर' पण डावीकडे कलतं. जोर बॉलच्या वजनाइतका धरला, म्हणजे बॉल अगदी सपाट जातोय असं समजा, तर २० अंश कलवलं की त्याचा एक तृतीयांश भाग डावीकडे ओढतो. शंभर फुटांवर सव्वा फूट, दीडशेवर चार फूट. तुमचा तर वर तरंगतोय म्हणजे सुरुवातीला जोर वजनापेक्षा जास्तच आहे, ओढही तेवढी जास्त. वारा समोरच्या दिशेपासून ३० अंशांनी डावीकडे असेल तर त्याचा आडवा भाग निम्माच, दोन फुटांचा एक फूट. उरलेला वारा समोरून येतो, त्याने हवेच्या तुलनेत बॉलचा वेग वाढतो, म्हणजे स्पिनचा जोरही थोडा वाढतो. डावीकडे ओढ जास्त, उजवीकडे ढकल कमी. बाकीच्या पोरांकडे साधी बॅरलं, त्यांना फक्त वारा लागला.

कोपऱ्यातला_अंपायर
पण मी कुठेतरी वाचलंय की गुळगुळीत बॉलवर हा मॅग्नस उलटाही चालतो?

हवेतलं_गणित
चालतो, ठरावीक वेग आणि कमी स्पिन असला तर. पण यांचा बॉल वर उचलला जातोय म्हणजे इथे सुलटाच चाललाय.

नेमबाज७७
म्हणून म्हणतो, सरळ रायफलिंगवालं घ्या. वाकडं बॅरल म्हणजे विकतचं दुखणं.

चहाबाज
नेमबाज तुम्हाला कमिशन आहे का हो.

जुना_खेळाडू
गंमत म्हणून सांगतो. पहिला खेळ १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरला झाला, १२ जण होते, गन होत्या झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या. जो जिंकला त्याने एकही गोळी झाडली नाही, झाडीतून लपतछपत सगळे झेंडे गोळा केले. तेव्हा स्पिन आणि वारा दोन्ही सोडा.

उडता_बाण
आज संध्याकाळी मागच्या अंगणात... नाही, शेजारी पोलीस बोलावतील, रेंजवर जाऊन बघितलं. वारा नव्हता. हॉपरच्या मानेला छोटा बुडबुड्याचा लेव्हल चिकटवला. बुडबुडा मध्ये ठेवला की बॉल सरळ. हॉपर डावीकडे कलवला की डावीकडे, उजवीकडे कलवला की उजवीकडे, अगदी झाडूने ओढल्यासारखा वळतो शेवटच्या तीस-चाळीस फुटांत. बघायला मजा येते. पण मास्क घालून सरळ धरली की मला साइट (नेम धरायची खूण) दिसतच नाही. आता?

हवेतलं_गणित
उंच साइट रेल लावा, दीड-दोन इंच वर आली की मान न वाकवता दिसेल. गन सरळ, मान सरळ. मग राहिला फक्त वारा, त्याचा हिशोब वर दिलाय.

जुना_खेळाडू
किंवा कलवणंच वापर. आमच्याकडे एकजण एपेक्स बॅरल लावायचा, त्यात टोकाशी रॅम्प (छोटा चढ) असते आणि ती फिरवता येते. पूर्ण आडवी करून बंकरच्या कडेवरून बॉल वळवून मागे बसलेल्याला मारायचा. समोरचा शिव्या घालायचा की मी आडोशाला आहे, लागलाच कसा. वारा पाठीमागून असला की मात्र त्याचा थोडा कमी वळायचा.

हवेतलं_गणित
बरोबर, पाठीमागून वारा म्हणजे हवेच्या तुलनेत वेग कमी, स्पिनचा जोर कमी.

सदा_मैदानात
आणि कुठलंही बॅरल असो, आत एक बॉल फुटला की स्पिनबिन विसरा. ओल्या भिंतीवर बॉल घसरतो, गडगडत नाही. वाकडं बॅरल पुसायला साधा सरळ दांडा जात नाही, लवचिक दोरीचं पुसणं लागतं. शनिवारी खिशात ठेव.

उडता_बाण
हे कामाचं. रेल मागवलीय, शुक्रवारी यायची आहे. नाही आली तर साधं बॅरल लावून जाईन, तसाही यंदाचा वारा काही कमी होत नाही. उजवीकडे किती धरायचं ते लिहून घेतलंय, म्हणजे डावीकडे... वारा डावीकडून असला की डावीकडे धरायचं ना?

चहाबाज
हो. वारा जिकडून, नेम तिकडे.

रिकामटेकडा
परत मीच. पिकनिकला माझा दहा वर्षांचा मुलगा येणार आहे. त्याला खेळू द्यावं का? लागतं का फार?

जुना_खेळाडू
मुलांसाठी ०.५० कॅलिबरचे हलके बॉल असतात, तिथे आहेत का आधी फोन करून विचारा. मास्क मैदानाबाहेर येईपर्यंत काढायचा नाही, हे त्याला आणि तुमच्या एचआरला दोघांनाही सांगा.

उडता_बाण
दादा, पिकनिकचा वेगळा धागा काढा की. मला अजून दीडशे फुटांवर समोरच्या वाऱ्यात किती खाली धरायचं ते विचारायचंय.