कायमच्या गोळ्या: घरपोच की दुकानातून? अनुभव लिहा

घरात दोन ज्येष्ठ आहेत. एकाला रक्तदाब आणि थायरॉइड, दुसऱ्याला मधुमेह आणि कोलेस्टेरॉल. ही औषधं आता कायमची, म्हणून खर्चाचा हिशोब मांडायला बसले आणि तासाभरात डोकं फिरलं. घरपोच पाठवणारे मोठ्या आकड्यात सूट दाखवतात, दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला थोडी सूट देतो. पण पाकिटातल्या गोळ्या एकीकडे दहा, दुसरीकडे पंधरा. कंपनी वेगळी. शेवटी सगळं एका गोळीच्या भावावर आणलं आणि त्यात पाठवणीचा खर्च मिळवला. एकच औषध मागवलं तर तो खर्चच सूट खातो, सगळी एकदम मागवली तर बऱ्यापैकी बचत दिसते. आता चारही औषधं एकाच तारखेला संपतील अशी मोट बांधतेय. तुमचे अनुभव लिहा, विशेषतः जिथे हिशोब कागदावर एक आणि प्रत्यक्षात भलताच निघाला तिथले.

रानजाई
वडिलांची रक्तदाबाची गोळी. स्वस्त पडते म्हणून तीन महिन्यांची एकदम मागवली. पुढच्याच तपासणीत डॉक्टरांनी ती बंद करून दुसरी दिली, कारण पायावर सूज येत होती (अ‍ॅम्लोडिपिनने येते काहींना). उरलेला साठा परत घेत नाहीत, आणि बाहेर गेलेलं औषध कसं ठेवलं होतं हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण वर्षाची बचत त्या एका डब्यात गेली. तेव्हापासून आमच्याकडे पद्धत अशी: नवीन औषध किंवा बदललेली मात्रा असली की दुकानातून थोडं थोडं, भले महाग पडो. दोन तपासण्या सलग तीच चिठ्ठी राहिली की मग घरपोच. धागाकर्ती, तुमच्या एका गोळीच्या भावात फेकून दिलेल्या गोळ्याही धरा.

सहज_सुचलं
थायरॉइडवाल्यांनी जरा थांबून वाचा. आमच्याकडे घटकाच्या नावाने मागणी नोंदवली होती, त्यामुळे ज्याचा साठा असेल त्या कंपनीची लिव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) यायची. आईला मधेच धडधड सुरू झाली, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) बरंच खाली गेलेलं. कंपनी बदलल्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, पण एकच कंपनी धरून राहा असं बजावलं आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. बहुतेक जेनेरिक औषधांना कंपनी बदलली तरी काही बिघडत नाही. लिव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि फिट्सची काही औषधं मात्र अशी की थोडा फरकही जाणवू शकतो. जादा तपासणीचे पैसे मिळवले तर आमची सूट केव्हाच संपली होती. आता मागणीत कंपनीचं नाव लिहिते, आणि ती नसेल तर मागणी रद्द.

उंबरठा
इन्सुलिन मी दुकानातूनच घेतो, चर्चा संपली. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा खोका दारात आला तो आतल्या थंड पिशव्यांचं कोमट पाणी होऊन. दुसऱ्या वेळी उलटं, गोठलेली पिशवी इन्सुलिनच्या पेनाला चिकटलेली. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला पुष्कळदा नेहमीसारखंच दिसतं, पण ते वापरायचं नसतं. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले. रात्रीचा डोस कुठून आणायचा होता, ते विचारू नका.

पाटीपेन्सिल
मी घरपोचवाल्यांचा पडद्यावरचा भाव सरळ दुकानदाराला दाखवला. तो अजिबात चिडला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली आणि विचारलं, "हीच कंपनी पाहिजे, की घटक तोच असला तरी चालेल? डॉक्टरांना विचारून या." डॉक्टर हो म्हणाले. आता स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घरपोचपेक्षाही स्वस्त मिळतं. आपण भाव विचारतच नाही हो, नुसती चिठ्ठी पुढे करतो.

खलबत्ता
मी फार्मासिस्ट आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार ते धरून चाला. रक्तदाबाचं इथून, कोलेस्टेरॉलचं तिथून, खोकल्याचं तिसरीकडून असं केलं की संपूर्ण यादी कोणापुढेच नसते. कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन चालू असलेल्या माणसाला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून आलं तर मी फोन उचलतो, कारण त्या जोडीने स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. पण सिमव्हास्टॅटिन खोक्यातून येत असेल तर मला कळणार कसं? कुठूनही घ्या, सगळ्या औषधांची यादी मात्र दोन्हीकडे द्या. आणि चिठ्ठी न मागता चिठ्ठीचं औषध पाठवणारा कितीही स्वस्त असो, तिथे जाऊ नका. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे.

रानजाई
विमा असलेल्यांनी एक बघा. काही योजना तीन महिन्यांच्या घरपोच साठ्याला आपण भरायचा वाटा कमी लावतात, आणि कुपनाने विम्याबाहेर घेतलेलं औषध आपल्या खिशातल्या खर्चाच्या वर्षाच्या मर्यादेत धरत नाहीत. त्या महिन्यात स्वस्त, वर्षाअखेरीस महाग.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. एक शंका: वीस मिलिग्रॅमची आणि चाळीसची गोळी जवळजवळ एकाच भावात दिसतेय. मग चाळीसची घेऊन अर्धी केली तर?

खलबत्ता
मधे रेघ असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. हळूहळू सुटणारी गोळी, म्हणजे मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची लांब पल्ल्याची वगैरे, सुरीने अर्धी करायची नाही. आतड्यात विरघळण्यासाठी वेष्टण दिलेलीही नाही. आणि अर्ध्या करायच्याच तर रोज एक करा, महिन्याच्या एकदम नको.

ओलेती_वाट
गोळ्यांचं ठीक आहे, पण काचबिंदूच्या थेंबांचं काय करता? लॅटानोप्रॉस्टची बाटली उघडली की सहा आठवड्यांत टाकायची, आत थेंब उरले असले तरी. मी बाटलीचा भाव दिवसांनी भागून काढते. मोठी बाटली कितीही सवलतीत असली तरी उपयोग शून्य. इनहेलरवाल्यांनी डब्यावरचा फवाऱ्यांचा आकडा बघून भागाकार केलाय का कोणी?