शब्दचर्चा : ७ आडवे, गोदा की गंगा?

आडवेउभे
आमच्याकडे येणाऱ्या पेपरात रोज शब्दकोडं असतं आणि आठवड्यातून एकदा ते एका विषयाला धरून असतं. कालचा विषय ‘नद्या’. ७ आडवे : ‘नाशिककरांची नदी (२)’. मी मनात गोदा म्हटलं आणि चहा टाकायला गेले. येऊन बघते तर बाबा ‘गंगा’ लिहून मोकळे. तेही बॉलपेननं. पेन्सिलनं कोडं सोडवणं त्यांना भित्रेपणाचं वाटतं.

भानगड पुढेच आहे. या शब्दाच्या दुसऱ्या घरातून ८ उभे सुरू होतं : ‘नाशिक जिल्ह्यातील नदी (३)’. त्याचं शेवटचं अक्षर णा, कारण १२ आडवे ‘काशीत गंगेला मिळणारी नदी (३)’ म्हणजे वरुणा, त्यावर आमचं दोघांचं एकमत. मी म्हटलं, बाबा, वर गोदा घ्या, खाली दारणा आपोआप बसते. ते म्हणाले, दारणा कशाला, गिरणा आहे. म्हटलं, अहो पण तुमच्या घरात गा आहे. यावर त्यांनी शांतपणे त्या गा च्या कान्याच्या डोक्यावर वेलांटी काढली. आता आडवं ‘गंगी’ आणि उभं ‘गीरणा’ असं आमचं कोडं सुटलेलं आहे. म्हणे, पेपरवाल्यांची छपाईची चूक असणार. माणसाचं उभं आयुष्य नासिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये गेलंय, त्यामुळे छपाईची चूक हे त्यांचं आवडतं निदान आहे.

तर प्रश्न असा : गोदावरीला नुसतं ‘गंगा’ म्हणणं हा आपला नाशकातला घरगुती प्रकार, की मराठीत रीतसर चालणारा अर्थ? कोड्याचं उत्तर म्हणून तो धरता येईल का? (११ उभेही अडलंय, ‘नदीचे भांडे (२)’. ते नंतर.)

पंचवटीकर
घरगुती प्रकार कसला? आम्ही गंगेवर जातो. गोदावरीवर कोण जातं? बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. पावसाळ्यात ‘गंगेला पाणी आलं’ म्हणतात आणि मग पुढचा प्रश्न ‘मारुतीच्या कुठवर?’ पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की बायका पायऱ्यांवरची दुकानं आवरायला लागतात, छातीला लागलं की आख्खं गाव बघायला येतं. १९६९ चा पूर आजीकडून ऐकलेला, २००८ चा आणि २०१६ चा स्वतः बघितला. तिन्ही वेळा पूर गंगेलाच आला होता, पेपरात तेवढा गोदावरीला.

उलट मला विचाराल तर ‘गोदा’ हाच शब्द परका आहे. गोदाघाट, गोदापार्क, गोदाआरती… हे सगळं मथळ्याचं मराठी. दोन अक्षरांत बसतं म्हणून बरं पडतं. माझ्या आजीनं उभ्या जन्मात ‘गोदेवर जाऊन येते’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

अनुस्वार
नमस्कार सांगा, पण गुण देऊ नका. बोलीत काय म्हणतात आणि शब्दाचा अर्थ काय, या दोन गोष्टी आहेत. गंगा हे विशेषनाम आहे. हिमालयातून निघते ती गंगा, ब्रह्मगिरीवरून निघते ती गोदावरी. रामकुंडावर जे देऊळ सिंहस्थातच उघडतं त्याचं नाव काय? गंगा-गोदावरी मंदिर. दोन्ही एकच असत्या तर दोन नावं घातली असती का?

शिवाय कोडं रचणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. जो शब्द एका सूत्रात आला तो दुसऱ्याचं उत्तर म्हणून येत नाही. १२ आडव्याच्या सूत्रात ‘गंगेला’ छापलंय, म्हणजे ७ आडवे गंगा असूच शकत नाही. इथेच विषय संपतो.

जाता जाता : गिरणा यातली गि ऱ्हस्व आहे. ‘गीरणा’ वाचून डोळे दुखले.

गंगथडी
विषय संपत नाही, सुरू होतो. माझं इथलं नावच बघा. थडी म्हणजे काठ, भीमेकाठचा मुलूख तो भीमथडी, आणि गोदावरीकाठचा तो गंगथडी. गोदाथडी नाही म्हटलं कुणी. आम्ही कोपरगावकडचे. आमच्याकडे उसाला पाणी कालव्याचं, पण अंत्यविधी, अस्थी, अधिक मासातलं स्नान सगळं ‘गंगेला’. खाली परभणी जिल्ह्यात जा, गंगाखेड आहे. संभाजीनगरकडे गंगापूर आहे. आणि नाशिककरांनो, तुमचं पिण्याचं पाणी येतं ते धरण कोणतं? गंगापूर. आता या गावांची नावं कोड्यातलं घर बघून ठेवली होती का?

हे ‘बोली’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. शेकडो वर्षं गावांच्या आणि मुलखांच्या नावात मुरलेला अर्थ बोलीतला म्हणायचा, तर मग भाषेतला म्हणायचा कशाला?

सिडकोवाली
माझं माहेर जळगावचं. लग्न होऊन आले त्याला आठ दिवस झाले असतील. सकाळी कणीक मळत होते. फोन वाजला, सासूबाईंनी उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘नाही हो, हे गंगेवर गेलेत.’ माझे हात परातीतच थांबले. आमच्याकडे माणूस गंगेवर जातो तो दहाव्याला तरी, नाहीतर काशीला तरी. सासऱ्यांना आदल्या रात्री खोकला होता, मला भलतंच वाटलं. सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना. तासाभरानं सासरे आले. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात खराटा. बुधवार होता.

एवढं झाल्यावर आता मीही ‘गंगेवर’च म्हणते. पण कोड्यात मी गोदाच लिहिलं असतं, हे कबूल करते. का ते सांगता येणार नाही. कागदावर लिहिताना हात आपोआप शहाण्यासारखा वागतो.

रेल्वेवाला
नोकरीची नऊ वर्षं आंध्रात, गोदावरीकाठी राजमहेंद्रीला काढली, म्हणून थोडं. तिथे पात्र असं की पलीकडचा काठ धूसर दिसतो. नाशकात आपण त्याच नदीला दगडी कुंडात बसवून, वर पाय सोडून भेळ खातो. १४६५ किलोमीटर लांब नदी आहे, प्रत्येक गावानं तिला आपल्या मापानं हाक मारली तर नवल नाही. तिथले लोक बोलताना ‘गोदारी’ म्हणतात. गंमत ‘गौतमी’ या शब्दाची. आपल्याकडे गौतमी म्हणजे गोदावरीच, गौतम ऋषींची गोष्ट आपल्याला पाठ असते. तिकडे धवळेश्वरमच्या खाली नदी फुटते त्यातल्या एका फाट्याचं नाव गौतमी आणि दुसऱ्याचं वसिष्ठ. म्हणजे एकाच नदीच्या उगमाला गौतमी म्हणजे सगळी, आणि मुखाशी गौतमी म्हणजे अर्धी. आता अनुस्वारसाहेब, यातलं विशेषनाम कोणतं धरायचं?

अनुस्वार
दोन्ही. एकाच नावाच्या दोन गोष्टी असू शकतात. माझा आक्षेप नावाला नाही, ‘गंगा म्हणजे कोणतीही नदी’ या ढिलाईला आहे. उद्या कुणी नाशकातल्या नासर्डी नदीलाही गंगा म्हणेल.

पंचवटीकर
नासर्डीचं नावही काढू नका. तिला आता पाटीवर ‘नंदिनी’ केलंय. पाटी बदलली, वास तोच. पाटीखाली उभं राहून रिक्षावाल्याला ‘नंदिनीच्या पुलावर सोड’ म्हणून बघा, तो तुम्हाला पुण्याचे समजून जास्त पैसे मागेल.

गंगथडी
‘कोणतीही नदी’ हा अर्थ ढिलाईतून आलेला नाही. कोल्हापूरची पंचगंगा, विदर्भातल्या वैनगंगा आणि पैनगंगा, कोकणातली पाताळगंगा. यातली एकही हिमालयातून निघत नाही. समास करताना गंगा म्हणजे सरळ नदी. श्रीलंकेत तर सिंहलीत गंगा म्हणजे नदीच, तिथली सर्वांत लांब नदी महावेली गंगा. मुळात धातू गम्. जी जाते ती गंगा. जाणारी प्रत्येक नदी गंगाच, हे माझं मत. आता यात गोदावरी फक्त उन्हाळ्यात जात नाही, थांबते, तो भाग वेगळा.

अनुस्वार
‘गम्’ वरून सगळंच निघतं. त्या न्यायानं एसटीसुद्धा गंगा. आणि पंचगंगेला कोल्हापुरात नुसतं गंगा म्हणतात का ते सांगा. समासात आला म्हणून सुटा अर्थ बदलत नाही. ‘गंगाजळी’ म्हणजे बँकेतली शिल्लक, म्हणून ‘गंगा’ म्हणजे पैसा होत नाही.

सिडकोवाली
गंगाजळी म्हणजे आधी देव्हाऱ्यातली ती काशीहून आणलेली, झाळलेली तांब्याची लोटी ना? आमच्याकडे अजून आहे. सासूबाई ती फोडू देत नाहीत. शेवटच्या वेळी लागते म्हणतात. मला वाटतं शिल्लक हा अर्थ त्यावरूनच आला असेल, अगदी गरज पडल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून.

पंचवटीकर
वा! हे पटलं. खरं असो नसो.

अनुस्वार
‘खरं असो नसो’ हे शब्दचर्चेचं ब्रीदवाक्य करायला हरकत नाही.

आणखी एक राहिलं. मूळ प्रश्नात ‘नाशकातला’ असं लिहिलंय. ते बरोबर आहे. पण सूत्रात ‘नाशिककरांची’ आहे. इकडे ‘शि’ची वेलांटी गळाली, तिकडे नाही. शहराचं नाव नासिक की नाशिक यावरही कधीतरी बोलायला हवं. स्टेशनवर नासिक रोड, पालिकेवर नाशिक.

रेल्वेवाला
स्टेशनच्या पाटीबद्दल रेल्वेवाल्याला विचारू नये. आम्ही ती फक्त रंगवतो.

सिडकोवाली
‘नाशकात’ म्हटलं की माझा मुलगा हसतो. तो म्हणतो ‘नाशिकमध्ये’. मध्ये मध्ये सगळीकडे मध्ये. फ्रीजमध्ये, शाळेमध्ये, नाशिकमध्ये.

अनुस्वार
त्याला सांगा, ‘शाळेत’ जायचं असतं. शाळेमध्ये फक्त सुट्टी असते.

कळवणकर
सगळं वाचलं. इथे गंगेवरून एवढी लढाई चाललीय आणि गिरणा कुणाच्या खिजगणतीत नाही. एकानं तिची वेलांटी बिघडवली, दुसऱ्यानं सुधारली, तिच्यात पाणी आहे का हे कुणी विचारलं नाही. जिल्ह्याचं कोडं म्हटलं की तुम्हाला नदी म्हणजे पंचवटीतलीच. आमची गिरणा कळवण, मालेगाव करत खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. म्हणजे गोदावरी बंगालच्या उपसागराला, आमची अरबी समुद्राला. एका जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं, आणि सूत्र काय, तर ‘नाशिक जिल्ह्यातील नदी’! हे सूत्र आहे का? शेवटी णा असलेल्या तीन अक्षरी नद्या या जिल्ह्यात निदान दोन आहेत हे रचणाऱ्याला ठाऊक नको? बाबांचं चुकलं ते गंगेत, गिरणेत नाही. ‘दारणा’ पाहिजे होती तर लिहायचं, ‘इगतपुरीकडून येऊन गोदावरीला मिळते’ किंवा ‘१९१६ चे धरण हिच्यावर’. तेव्हा माझ्या मते सूत्र सदोष, आणि दोष आठव्याचा, सातव्याचा नाही.

आम्ही गिरणेला गंगा म्हणत नाही, हेही नोंदवतो. माय म्हणतो.

गंगथडी
दारणा दारणा-सांगवीला ‘गंगेला’ मिळते असं तिथला माणूस सांगेल. लिहून ठेवा.

पंचवटीकर
कळवणकर, राग नको. सूत्र ढिसाळ आहे हे शंभर टक्के. पण कोड्याचा मजाच तो आहे, एका घरात गा आणि दा ची मारामारी. इंग्रजी कोड्यात नुसतं एक अक्षर अडतं, आपल्याकडे काना-मात्रेसकट सगळं घर अडतं. एकदा ‘त्र्यंबक’ आलं होतं. तीन घरं. पहिल्या घरात त्र्यं कोंबताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. आणि त्या त्र्यं वरून उभा शब्दही काढला होता पठ्ठ्यानं, त्र्यंबोली.

आडवेउभे
आज उत्तरं छापून आली. ७ आडवे गोदा, ८ उभे दारणा. बाबांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, ‘उत्तरंही तेच छापतात, मग काय!’ आणि पेपर घडी घालून पिशवीत टाकला. कुठे निघालात विचारलं तर म्हणे, गंगेवर.

मी वर सगळ्यांचं वाचून दाखवलं होतं. गंगथडी यांचं ‘भीमथडी-गंगथडी’ त्यांना फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. अनुस्वार यांचा १२ आडव्याचा मुद्दा मी मुद्दाम वाचला नाही. घरात शांतता हवी असते.

अनुस्वार
म्हणजे पुरावा दडवलात.

आडवेउभे
हो.

रेल्वेवाला
सगळं ठीक, पण ११ उभे? ‘नदीचे भांडे (२)’. छान सूत्र आहे, त्यावर कुणीच बोललं नाही. पात्र ना?

आडवेउभे
पात्रच. सिडकोवालींची गंगाजळी वाचून दाखवल्यावर बाबांनी ते घर पटकन भरलं. ‘तांब्या’.