त्या लाल बुटांबद्दल

'सिनेमातल्या बुटांना इतिहासाच्या म्युझियममध्ये जागा कशाला' हे वर कोणीतरी म्हटलंय ते मला अजिबात पटत नाही. वॉशिंग्टनच्या अमेरिकन हिस्टरी म्युझियममधले अभिनेत्री ज्युडी गारलंडचे लाल बूट, १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ' सिनेमातले, मी काचेला नाक लावून बघितलेत. मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत, पण टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणात, उठून दिसावेत म्हणून लाल केले, म्हणजे रंगीत सिनेमाचा इतिहासच आहे ना तो! जवळून बघितलं की बुटांवरच्या चमकत्या टिकल्या कुठे कुठे काळपट पडलेल्या दिसतात, आणि सोलला खाली फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलंय, नाचताना आवाज होऊ नये म्हणून.

आणि एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही, हे दोन बूट मुळात एकमेकांचे जोडीदार नाहीतच. मिनेसोटातल्या ज्युडी गारलंड म्युझियममधून २००५ मध्ये चोरीला गेलेला त्याच सिनेमातला दुसरा जोड एफबीआयला २०१८ मध्ये सापडला, तो तपासायला वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आणला तेव्हा कळलं की यातला एक त्यातल्या एकाचा जोडीदार आहे, दुसरा दुसऱ्याचा. चौघं थोडे दिवस एकत्र होते आणि परत वेगळे झाले, मला फार वाईट वाटलं वाचून.