'द इकॉनॉमिस्ट'चा कल नेमका तपासायचा कसा?

दादरचा_वाचक
आमच्या अभ्यासगटात (बहुतेक यूपीएससी-एमपीएससीवाले) दर आठवड्याला 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकातला एक लेख वाचायचं ठरतंय. लगेच दोन तट पडलेत. एकाच्या मते मासला पक्का भांडवलशाही, दुसऱ्याच्या मते डावा आणि मोदीविरोधी. दोघेही छातीठोकपणे बोलतात, पुरावा मागितला की एखादं मुखपृष्ठ पुढे करतात. कल मोजायची काही धड पद्धत आहे का? अमेरिकी संकेतस्थळांवरचे डावे-उजवे तक्ते वापरावेत का?

जमाखर्च
तक्ते सोडा. आर्थिक आणि सामाजिक कल एकाच पट्टीवर मोजले की सरासरी 'मध्यम' निघते आणि हाती काहीच लागत नाही. तुमचे दोन्ही तट अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

१८४३ मध्ये जेम्स विल्सनने हे साप्ताहिक काढलं तेच मुळी आयात धान्यावरच्या जकातीविरुद्ध. (हाच विल्सन १८६० मध्ये आपल्याकडे आयकर आणणारा. ते असो.) खुला व्यापार आणि सरकारचा कमी हात हा त्यांचा उघड पक्ष आहे, लपवाछपवी नाही. त्याच उदारमतवादातून १९९६ मध्येच समलिंगी विवाहाला पाठिंबा आला. निवडणुकांतले पाठिंबे बघा: अमेरिकेत २००० ला रिपब्लिकन बुश, २००४ ला डेमोक्रॅट केरी, २००८ ला डेमोक्रॅट ओबामा, ब्रिटनमध्ये २००५ ला लेबरचे ब्लेअर, २०१० ला कॉन्झर्व्हेटिव्ह कॅमेरून, २०२४ ला पुन्हा लेबर. भारतात २०१४ ला मोदींना नकार देऊन काँग्रेस पसंत केली. पक्ष बदलतात, आर्थिक भूमिका फारशी हलत नाही. २००३ च्या इराक युद्धाला पाठिंबा होता, हेही यादीत धरा.

तळटीप
वरच्या यादीतून संपादकीय भूमिका कळते, बातमीतला कल नाही. लेखांवर सहसा नाव नसतं, त्यामुळे वार्ताहर धरून माग काढता येत नाही. म्हणून असं करा. विषय आधी ठरवा (कामगार कायदे, शेतीमालाचे भाव, काहीही), मग सलग तीन महिन्यांचे अंक घ्या. गाजलेले लेख वेचून घेतलेत तर निकाल आधीच ठरला म्हणून समजा. अंकाच्या सुरुवातीची अग्रलेखांची पानं वेगळी काढा.

उरलेल्या प्रत्येक लेखात चार गोष्टी टिपा: कुणाचं म्हणणं घेतलंय (सरकार, कंपनी-बँक, कामगार-शेतकरी, प्राध्यापक), विरोधी बाजूचा सर्वात बळकट मुद्दा आलाय की लेचापेचा, 'बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात' अशी बेवारशी विधानं किती, आणि आकड्याचा पाया कुठला. बातम्यांतही शेवटच्या परिच्छेदात निवाडा येतो, तो झाकून उरलेलं वाचा. वर दिलेल्या माहितीतून तो निघतो का?

नोंदी दोघांनी स्वतंत्र करायच्या, एकमेकांच्या न बघता. जमलं तर मजकूर टाइप करून साप्ताहिकाचं नाव काढून टाका. १९८५ च्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात एकच बातमीपट इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक अशा दोन्ही गटांना दाखवला, तर दोघांनाही तो आपल्याविरुद्ध वाटला! तुमच्या गटात तेच होणार.

जमाखर्च
आकड्याच्या पायाबद्दल पूर्ण सहमत, तिथेच सगळे फसतात. एप्रिल-जून २०२१ च्या तिमाहीत भारताचा जीडीपी २०.१ टक्के वाढला, असा तेव्हा जाहीर झालेला आकडा. त्याआधीच्या वर्षी याच तिमाहीत तो २४.४ टक्के घसरला होता. २०१९ ला १०० धरा: २०२० ला ७५.६, २०२१ ला साधारण ९०.८. म्हणजे 'विक्रमी वाढ' म्हणणारा खोटं बोलत नाही आणि 'दोन वर्षांपूर्वीपेक्षा ९ टक्के खाली' म्हणणाराही नाही. कोणता आकडा मथळ्यात गेला आणि कोणता गाळला, ते लिहून ठेवा.

पागडी_सिस्टीम
विषय मुंबईकराला पायाखालचा हवा, म्हणजे गाळलेलं दिसतं. भाडे नियंत्रणच घ्या. मुक्त बाजारवाल्या लेखात ठरलेला युक्तिवाद येतो: भाडं गोठलं, मालकाने डागडुजी सोडली, नवी भाड्याची घरं थांबली. चुकीचं काही नाही. पण पागडीचा (भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देण्याचा) व्यवहार, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची म्हाडाकडून होणारी दुरुस्ती, पुनर्विकासात भाडेकरूला मिळणारं क्षेत्रफळ यातलं काय आलं? त्याच विषयावर आपल्या लोअर परळच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला लेख शेजारी ठेवा. तो बराचसा डावीकडून येतो, तिथेही तेच चार रकाने भरा. मालकाने तोट्यात इमारत का सांभाळावी, हा प्रश्न तिथे सहसा हातचा राखला जातो.

दादरचा_वाचक
हे करून बघतो. आणि मालकी? शेअर बड्या घराण्यांकडे आहेत, मग संपादक मोकळा कसा?

तळटीप
२०१५ मध्ये पिअर्सन या ब्रिटिश प्रकाशन कंपनीने 'द इकॉनॉमिस्ट'मधला आपला ५० टक्के हिस्सा विकला आणि इटलीच्या आन्येल्ली घराण्याची गुंतवणूक कंपनी एक्झॉर ४३.४ टक्क्यांवर गेली. पण एका भागधारकाच्या मतांवर २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि संपादकाच्या नेमणुकीला विश्वस्तांची संमती लागते. जेन्टझ्को आणि शापिरो या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या अभ्यासात अमेरिकी दैनिकांचा कल मालकापेक्षा वाचकांच्या आवडीशी जास्त जुळला. साप्ताहिकाला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही, तरी मालकाच्या आधी वर्गणीदार कोण ते बघा. जाहिरातींची पानं उलटलीत की अंदाज येतो: खासगी बँका, घड्याळं, एमबीए.