इंग्रजी शिव्या नेमक्या किती वाईट असतात, कोणी नीट सांगेल का

झेरॉक्सवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. माहं गावात झेरॉक्स अन ऑनलाइन फॉर्मचं दुकान हाय, दिवसभर पोट्टे येऊन बसतात, त्याईच्या तोंडून जे ऐकतो तेच माह्या तोंडात बसलं. परवा गावच्या ग्रुपवर आमच्या गुरुजींनी (चौथीपर्यंत मले त्याईनंच शिकवलं) पऱ्हाटीचं बोंड फोडून फोटो टाकला, आत गुलाबी अळी, सरकी सारी पोखरलेली, खाली लिहिलं की सहाही एकरात हेच हाय. मले लय वाईट वाटलं अन मी खाली डब्ल्यूटीएफ लिहून रडका इमोजी टाकला. पोट्टे सारखं लिहितात, मले वाटलं अरे बापरेचं शॉर्टफॉर्म असन. त्याच्याखाली तीन-चार पोट्ट्यांनी हसायचे इमोजी टाकले, तरी माह्या ध्यानात नाई आलं. रात्री गुरुजींच्या पुण्यातल्या पोरीचा फोन, म्हणे दादा, बाबांच्या नुकसानीवर तुम्ही शिवी लिहिली?? मी लगेच डिलीट केलं, पण ज्यानं पायलं त्यानं पायलंच. आता दोन दिवस झाले, गुरुजी दुकानापुढून खाली मान घालून जातात, रामराम घेत नाई. झोप नाई राजेहो मले. तो शब्द किती वाईट हाय? अन ब्लडी, शिट, डॅम, बास्टर्ड, बिच हे बी सांगा. डिक्शनरीत अर्थ भेटते, पण कोणापुढं काय बोलाव नाई ते भेटत नाई.

इंग्रजीची_बाई
दादा, डब्ल्यूटीएफ म्हणजे व्हॉट द एफ..., 'हे काय' म्हणताना जोडलेली शिवी. त्यातला एफ म्हणजे इंग्रजीतल्या सगळ्यात जड शिव्यांमधला एक. अर्थ शरीरसंबंधाचा, तोही ओंगळ करून सांगितलेला. मुलांना वाटतं नुसती अक्षरं लिहिली तर शिवी होत नाही, पण आपल्याकडं कोणी भ लिहून पुढं टिंबं दिली तर आपण काय वाचतो? तसंच आहे ते.
ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवणारी ऑफकॉम नावाची सरकारमान्य संस्था आहे, तिनं २०१६ मध्ये लोकांना विचारून असे शब्द पायरीनं लावले. ब्लडी, डॅम, क्रॅप सौम्य, शिट आणि बिच मधल्या पायरीवर, बास्टर्ड त्याच्या वर आणि एफवाला एकदम शेंड्यावर, रात्री ९ च्या आधी तिथं टीव्हीवर तो चालतच नाही. आपलं उलटं झालंय, शिट म्हणजे गू म्हणून ती घाण वाटते आणि बास्टर्ड सिनेमात ऐकून ऐकून हलकी वाटते, पण बास्टर्ड म्हणजे लग्नाबाहेरचं पोर, म्हणजे शिवी समोरच्याच्या आईवर गेली की नाही?
आणि ही पायरी कायमची नसते. आज सौम्य धरलेला ब्लडी १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियन नाटकात नटीनं उच्चारला तेव्हा केवढा गहजब झाला होता.

रात्रपाळीचा_गडी
मी ४ वर्षं नागपुरात कॉल सेंटरला होतो, आता हिंगणघाटकडं शेती करतो. एकदा इंग्लंडचा गिऱ्हाईक म्हणाला, ऑर्डर दिली तेव्हा मी पिस्ड होतो, मी नोटमध्ये लिहिलं की गिऱ्हाईक रागावलेला होता. टीम लीडरनं बोलावून सांगितलं की रागावलेला हे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये पिस्ड म्हणजे दारू प्यालेला. देश बदलला की वजनही बदलते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियानं पर्यटनाच्या जाहिरातीत ब्लडी हेल वापरलं, त्याईच्याकडं ते घरगुती बोलणं, पण ब्रिटनमध्ये ती जाहिरात टीव्हीवर आधी अडवली अन मग चालू दिली.
एक गोष्ट मात्र लक्षात ठेवजा. रॅप गाणे ऐकून पोट्टे एकमेकाले तो एन पासूनचा शब्द म्हणून रायले, तो अजिबात नको. अमेरिकेत गुलाम करून आणलेल्या काळ्या लोकांले हिणवायचा शब्द हाय तो, ते आपसात म्हणतात ते वेगळं, बाहेरच्यानं म्हणायचा नाईच. आपल्याकडं जातीवरून बोललं तर १९८९ च्या कायद्यानं अ‍ॅट्रॉसिटी लागते, त्या तोलाचा समजा.

पांढरं_सोनं
मले तर वाटते उगाच डोक्याले ताप करून घेतला भाऊ. इंग्रजी शिवी आपल्याले लागतच नाई. मायबोलीतली देल्ली तर लागते.

वऱ्हाडी_पुण्यात
लागते भाऊ. मी पुण्याला शिकायला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी रूममेटला म्हटलं, का बे, जेवला का? तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्या मनात माया होती आणि त्याला वाटलं ह्यानं मला कुत्र्यासारखं हाकललं. आपल्याकडं बे शिवाय मैत्री होत नाही, पण गुरुजींना कोणी बे म्हणते का?

इंग्रजीची_बाई
पांढरं सोनं भाऊ, तुम्हाला कोणी म्हटलं नाही म्हणून लागत नाही. मागच्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलीच्या फोटोखाली वर्गातल्याच मुलानं बिच लिहिलं. विचारलं तर म्हणे मॅडम, भारी पोरीला म्हणतात, गाण्यात आहे. मुलीनं डिक्शनरी काढून पाहिलं, कुत्री असा अर्थ निघाला, आणि ती तीन दिवस शाळेत आलीच नाही. मी घरी गेले, आई म्हणाली पोट दुखून राहिलं तिचं. मुलगी ओसरीत सुपात तूर निवडत होती, मान वर केली नाही तिनं. वही पाहिली तर मागच्या पानावर तो शब्द लिहून इतक्यांदा खोडला होता की कागद फाटला होता. तिकडं मैत्रिणी मैत्रिणी हसत म्हणत असतील, पण पुरुषानं बाईला म्हटलं की ती शिवीच, इंग्रजीत असो की वऱ्हाडीत.
झेरॉक्सवाले दादा, तुम्ही गुरुजींकडं समोर जाऊन बोला, फोनवर नको. शब्दाचा अर्थ उलगडत बसू नका, त्यांच्या मुलीनं सांगितलाच असेल.

पांढरं_सोनं
बरोबर हाय मॅडम. माही पोरगी आठवीत हाय, हे माह्या डोक्यातच नव्हतं आलं.

झेरॉक्सवाला_दारव्हा
आज सकाळीच जाऊन आलो. गुरुजी धुऱ्यावरच भेटले. मी पाय धरले, म्हटलं गुरुजी, मले अर्थ माहीत नव्हता, तुमची पऱ्हाटी पाहून जीव तुटला म्हणून लिहिलं. लय वेळ काई बोलले नाई. मग म्हणे, तू काय लिहिलं ते मले समजलंच नव्हतं बाबू, पोट्टे खाली हसले ते दिसलं, वाटलं माह्या नुकसानीवर हसून रायले. ह्या पोट्ट्यांले आता दुकानात बसवून मीच सांगतो. गुरुजी दुपारी नुकसानीचा अर्ज भराले येणार हाय, सातबारा काढून ठेवला.