मॉक ड्रिलच्या तक्त्यात रात्रपाळीची माणसं कुठं लिहायची?

स्टाफ नर्स, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बारा वर्षांपासून आहे. सोमवारी आमच्याकडे साथीच्या तयारीची मॉक ड्रिल आहे आणि तक्ता भरायचं काम माझ्याकडे आलंय. खाटा किती, ऑक्सिजनचे जम्बो म्हणजे मोठे सिलिंडर किती, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू किती, हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्लांट सुरू आहे का, सगळं भरून झालं. मनुष्यबळाच्या रकान्यात मंजूर पदं आणि भरलेली पदं लिहायची आहेत. तिथंच अडकली आहे. भरलेल्या पदांचा आकडा 2021 च्या एप्रिलातही बरा दिसत होता, पण रात्री दोन वाजता वॉर्डात मी एकटी होती.

त्या रात्री आठ पेशंट ऑक्सिजनवर. सोबतचे कक्षसेवक दादा दुपारीच पॉझिटिव्ह आले. दुसरी सिस्टर खाली लेबर रूममध्ये, कारण कोविड आहे म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत. जम्बो संपलेले, छोट्या बी-टाइप सिलिंडरवर काम चाललेलं. पीपीई किटच्या आत घाम हातावरून ओघळून ग्लोव्हजमध्ये साचायचा आणि पाना निसटायचा. सिलिंडर बदलायचा म्हणजे व्हॉल्व्ह बंद करा, रेग्युलेटर काढा, भरलेला सिलिंडर ओढत आणा, वॉशर जागेवर आहे का पाहा, रेग्युलेटर आवळा, हळू उघडा, फुसफुस येते का ऐका. किटच्या टोपीतून ती फुसफुस ऐकूच येत नाही. मी साबणाचं पाणी सोडून बुडबुडे पाहायची.

दोन नंबरच्या खाटेवर पाना फिरवत होती तेव्हा सहा नंबरच्या काकूंनी लघवीला जायचं म्हणून मास्क काढला. हाक मारली असेल, मला ऐकू आली नाही. वळून पाहिलं तर त्या खाली फरशीवर बसलेल्या, एका हातानं खाटेचा लोखंडी पाय धरून. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 68. मास्क लावला, पालथं झोपवलं, 108 ला फोन केला. सकाळी त्या यवतमाळला पोचल्या, तिसऱ्या दिवशी गेल्या. त्यांचा मुलगा बाजारात दिसला की मी अजून रस्ता बदलते.

हे कोणत्या रकान्यात लिहू? तुमच्याकडे रात्रीची माणसं कशी मोजतात?

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, वर्धा जिल्हा

काकूंचं मनावर घेऊ नको असं मी म्हणणार नाही बाई. ते राहतंच. माझ्याही नोकरीतले दोन चेहरे माझ्याजवळ आहेत.

पण तू हिशोब मांड. बी-टाइपमध्ये दीड घनमीटर, म्हणजे 1500 लिटरच्या आसपास ऑक्सिजन. मिनिटाला 10 लिटरचा फ्लो लावला की अडीच तासात संपला. बारा तासांच्या रात्रीत एका पेशंटला पाच सिलिंडर, आठ जणांना चाळीस. एका बदलीला सहा मिनिटं धरली तरी चार तास झाले. म्हणजे रात्रीचा तिसरा हिस्सा तू पेशंटजवळ नव्हतीस, सिलिंडरजवळ होतीस. त्या वेळात औषधं कोण देणार, लघवीला कोण नेणार? जम्बोत सात घनमीटर असतो, तो त्याच फ्लोवर साडेअकरा तास जातो, पण भरलेला जम्बो एकट्या बाईला हलवता येत नाही. कुठूनही मोजलं तरी दर पाळीला एक माणूस फक्त ऑक्सिजनसाठी लागतो. हेच लिही.

आशा सेविका, अकोला जिल्हा

ताई, आमचंही लिवा. 2020 च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्व्हेले गेलो तवा लोक दार तरी उघडत होते. दुसऱ्या लाटेत दारच उघडे ना. दवाखान्यात नेलं का माणूस वापस येत नाही, असं एकीनं म्हटलं का अख्खी गल्ली ऐकते. बोटाले मशीन लावू देत नव्हते. मंग ऑक्सिजन ऐंशीवर आलं का रात्री अंधारात ऑटो काढायचे, शेजाऱ्याले दिसू नये म्हून. तुमच्या वॉर्डात रात्रीच गर्दी काऊन व्हायची, ते हे असं. माह्यासंग दिवसा एक सिस्टर अन् एक गाडी असती तर तेच लोक 92 वर असतानाच तुमच्याकडे पोचले असते.

वैद्यकीय अधिकारी, चंद्रपूर जिल्हा

सिस्टर, तक्त्याला मागच्या तीन महिन्यांचा रात्रपाळीचा रोस्टर जोडा आणि अधीक्षकांची सही घ्या. पदं कागदावर असतात, रोस्टरमध्ये माणसं दिसतात. दुसरं, ड्रिल रात्री घ्या अशी लेखी मागणी करा. सकाळी अकराला ओपीडीचे सगळेच हजर असतात, तेव्हा काय कळणार? पीएसए प्लांटही विजेवर चालतो. आपल्याकडे मे महिन्याच्या वावधनात लाईन गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सिलिंडरवरच यावं लागतं, आणि तो बदल करणाराही माणूसच असतो.

कोणी म्हणेल नातेवाइकांना शिकवा. मी शिकवलं होतं. एका मुलाला पाना दिला, वडिलांचा सिलिंडर तो फार नीट बदलायचा. आठवड्याभरात तो स्वतः शेजारच्या खाटेवर होता. ते मात्र लिहू नका.

स्टाफ नर्स, यवतमाळ जिल्हा

सगळ्यांचे आभार. आशाताई, तुमचं म्हणणं मी वेगळ्या कागदावर लिहून जोडलं आहे. अधीक्षकांनी रोस्टरवर सही केली. सोमवारची वेळ बदलत नाही म्हणाले, पण रात्रीच्या ड्रिलचं पत्र वर पाठवलं.

काल दुपारी आम्ही दोन नव्या सिस्टरांना किट घालून, घड्याळ लावून बी-टाइप बदलायला लावला. एकीला आठ मिनिटं लागली, दुसरीला दहा. नऊ धरली तर चाळीस बदलींचे सहा तास होतात. मनुष्यबळाच्या रकान्याखाली जागा नव्हती, समासात पेनानं लिहिलं.